वहिनी, जरा सेल्फ मारा बघू!

बंद वाहन ढकलायची बडोदेकराला लाज वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. आमच्या संस्थानाची स्वतःची पहिली आगगाडी 1862 साली डभोई ते मियागाम निघाली, ती चक्क बैलांनी ओढली. खाली रूळ, वर डबे आणि पुढे बैल. त्या बैलांनी कधी पेट्रोलमध्ये कचरा आल्याची सबब सांगितली नाही. पुढे 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जरांच्या देखरेखीखाली तिथं रंगाईपासून यंत्रविद्येपर्यंतचं शिक्षण सुरू झालं. दादासाहेब फाळकेही काही काळ तिथं शिकून गेले. आता एकाच गावाला एकीकडून बैलांचा आणि दुसरीकडून यंत्रविद्येचा वारसा मिळाला की व्हायचं तेच होतं. रस्त्यात गाडी बंद पडली, की चार जण ढकलायला येतात आणि चाळीस जण समजावून सांगायला.

आमच्या घडियाळी पोळ या गल्लीत हे प्रमाण आणखी व्यस्त होतं, कारण ढकलायला जागाच नाही. दुतर्फा चणिया-चोळी, लेस, ओढण्या, नवरात्राचे खोटे दागिने. समोरून हातगाडी आली तर दोघांपैकी एकाला कुणाच्या तरी दुकानात शिरावं लागतं, आणि शिरलं की शेठ विचारतो, "शूं बतावुं?" समजावून सांगायला मात्र जागा लागत नाही. ते ओट्यावरून होतं, गॅलरीतून होतं, दुकानाच्या गल्ल्यावरून ग्राहकाला सुटे पैसे देता देतासुद्धा होतं.

याच पोळीत एका जुन्या वाड्याच्या देवडीत आमच्या अण्णांची गाडी असते. त्यांच्या पणजोबांची घोडागाडी जिथं सोडायचे, तिथंच ही उभी राहते. दोन दारं, दोन आसनं, कापडी टप, दोन कार्बोरेटर आणि जमिनीपासून इतकी खाली, की पोळीतलं मांजरसुद्धा वाकून पलीकडे जातं. विलायती आहे. तिचं खरं नाव सांगत नाही, कारण एक तर पोळीत ते कुणाला उच्चारता येत नाही, आणि दुसरं म्हणजे पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता.

स्पोर्ट्स कार हा प्रकार आपल्या देशात कधी फारसा मुरला नाही. मद्रासला साठच्या दशकात स्टँडर्ड हेराल्ड बनू लागली, ती दोन दारांची होती म्हणून लोक तिलाच स्पोर्ट्स कार म्हणायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सनं 'स्टॉर्म' काढली. फायबरचं अंग, रेनोचं 1.2 लिटरचं इंजिन आणि बसायला मोजून दोन माणसं. आपल्याकडे गाडी पाहिल्याबरोबर पहिला प्रश्न "मागे किती बसतात?" हा असल्यानं तिचं पुढे काय होणार ते ठरलेलंच होतं. अण्णांनाही तो प्रश्न अजून विचारतात. अण्णा सांगतात, "मागे कुणीच बसत नाही." मग विचारणारा हळहळतो आणि म्हणतो, "पण मायलेज तर चांगलं असेल?"

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात '21 गन सॅल्यूट'चा जुन्या मोटारींचा मेळा भरला आणि ज्याच्या ज्याच्या दारी जुनी गाडी होती, त्याच्या त्याच्या अंगात आलं. अण्णांच्याही आलं. पुढचं वर्षभर गाडी रंगाला गेली. इंजिन उतरवलं, अंग खरवडलं, आतबाहेर लाल रंग चढवला. अगदी इंजिनाखालचा सांगाडासुद्धा आरशासारखा झाला. गाडी टेम्पोतून परत आली तेव्हा अण्णांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिच्यावर वर्षभरात किती उधळले, हे अण्णांनी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आणि मग एका रविवारी सकाळी अण्णांनी किल्ली फिरवली. घर्र... घर्र... टक. गाडी सुरू झाली नाही.

'टक' हा आवाज घडियाळी पोळीत फार लांबवर जातो.

पहिले आले ते समोरचे लेसवाले शेठ. "अण्णाभाई, पेट्रोल तो छे ने?" हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस आल्या आल्या विचारतो, आणि मालकानं प्रत्येकाला न चिडता उत्तर द्यायचं असतं. काटा बेभरवशाचा म्हणून अण्णा टाकीत लाकडी फूटपट्टी बुडवून बघतात. त्यांनी ओली पट्टी शेठना दाखवली. शेठनी ती हुंगली आणि निर्णय दिला, "तो पछी बॅटरी बदली नाखो." शेठ कोणत्याही अडचणीवर हेच सांगतात. पंखा, मोबाईल, नोकर, जावई, काहीही बिघडलं तरी त्यांच्या मते ते बदलून टाकावं. दुकानदाराचा हा स्वभावच असतो. दुरुस्तीत त्याला नफा दिसत नाही.

दुसरे आले आबा. कोयलीच्या रिफायनरीत त्यांची उभी हयात गेली. त्यांनी बॉनेटकडे न बघताच सांगितलं, "इथेनॉल." हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल मिळतं आणि ते जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना मानवत नाही, रबर फुगतं, शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, हे सगळं खरं आहे. आबा ते इतकं सविस्तर सांगतात, की ऐकता ऐकता आपल्याच सांध्यांत ओल शिरल्यासारखं वाटतं. पण किल्ली अर्धी फिरवल्यावर मागून पेट्रोल पंपाची टिक-टिक-टिक ऐकू आली आणि कार्बोरेटरच्या वाट्या भरल्यावर बरोबर थांबली. म्हणजे पेट्रोल जिथं पोचायला हवं तिथं पोचत होतं. आबांनी ते मान्य केलं, फक्त "पोचतंय, पण कसलं पोचतंय!" एवढं म्हणून ते ओट्यावर टेकले.

तिसरे मोटर-वाइंडिंगवाले काका. पंख्यांचा आणि पाण्याच्या पंपांचा त्यांचा धंदा. त्यांनी एक प्लग काढला, वायर लावून तो इंजिनावर आडवा ठेवला आणि आरोळी दिली, "वहिनी, जरा सेल्फ मारा बघू!"

वहिनी म्हणजे काकू. त्या चालकाच्या आसनावर कशा, हे सांगायला हवं. सेल्फ मारायला कुणीतरी आत लागतं आणि पुरुषांना सगळ्यांना बॉनेटपाशी राहायचं असतं. त्यातून या गाडीत माणूस बसत नाही, पडतो. एकदा पडला की दोघांनी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. म्हणून काकू आत गेल्या त्या गेल्याच.

प्लगवर ठिणगी पडली, पण पिवळट, मरतुकडी. चांगली ठिणगी निळसर असते आणि चट्ट आवाज करते. काका खूश झाले. "कॉइल गेली, नाहीतर कंडेन्सर. आणि सेल्फची कार्बनं झिजलीत. सेल्फ उतरवून द्या, संध्याकाळपर्यंत वाइंडिंग करून देतो." मग त्यांनी डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं, टोपण काढलं, पॉइंटवर पॉलिश पेपर मारला, खिशातल्या लग्नपत्रिकेचा तुकडा घडी करून पंधरा थाऊची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशांची, गॅप लावली आणि पुन्हा ओरडले. घर्र... टक. काकू आतून काहीतरी म्हणाल्या, पण काका तेव्हा कंडेन्सरबद्दल बोलत होते.

बिघाड शोधण्याचा जगन्मान्य क्रम असा, की आधी फुकटात तपासता येईल ते बघावं, मग स्वस्तातलं, मग महागाचं. आमच्या पोळीचा क्रम वेगळा आहे. ज्याचं दुकान जवळ, त्याचा रोग आधी. विकणाऱ्याला बॅटरी दिसते, वाइंडिंगवाल्याला वाइंडिंग, रिफायनरीवाल्याला पेट्रोल. गाडी एक शब्द बोलत नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपलंच बोलणं तिच्या तोंडी घालता येतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हे काही चुकून होत नाही. सोमेश्वरी ज्याची ओळख असते, तो बंब तिथंच नेतो.

एव्हाना अण्णांचा भाचा खाली उतरला होता. मोबाईलवर शिकलेला. त्यानं विचारलं, "मामा, ओबीडीचं सॉकेट कुठंय? स्कॅनर लावला की दोन मिनिटांत कोड येईल." गाडीच्या दुखण्याचं सॉकेट अमेरिकेत सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं 1996 साली. ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. तिच्यात संगणक नाही. जे काय आहे ते तांबं, रबर, पत्रा आणि अण्णांची श्रद्धा. भाच्यानं डॅशबोर्डखाली हात घालून सॉकेट शोधलं, तेव्हाही काकू म्हणाल्या, "अरे, हे बघ जरा." त्यानं "एक मिनिट हं मामी" म्हटलं आणि मोबाईल बघायला लागला.

वरच्या मजल्यावरच्या आजींनी दोरीला बांधून लिंबू-मिरची खाली सोडली. तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी पहिल्या झटक्यात जागेवर बसली.

घडियाळी पोळीत अंबामातेचं देऊळ आहे आणि नवरात्रात तिथं फक्त पुरुष गरबा खेळतात, ही फार जुनी चाल. त्या रविवारी गाडीभोवती हुबेहूब तोच गरबा चालू होता. टाळी बॅटरीवर, फेरी मागच्या टाकीपर्यंत, पुन्हा टाळी कार्बोरेटरवर. गोल फिरणारे सगळे पुरुष आणि मधोमध गप्प बसवलेली एकच बाई. टॉर्च धरायचं काम माझ्याकडे होतं. टॉर्च धरणाऱ्याला मत नसतं, आणि उजेड नेमका हवा त्याच्या शेजारी पडतो म्हणून सगळ्यांची बोलणी तोच खातो. पण त्याला एक फायदा असतो. त्याला सगळं दिसतं.

शेवटी प्राध्यापक आले. तंत्रज्ञान विद्याशाखेतून, म्हणजे जुन्या कलाभवनातूनच, निवृत्त. त्यांना बॉनेट उघडता येत नाही, कारण ते पुढच्या बाजूला बिजागरीवर आहे आणि मागून उघडतं. पण बॉनेटच्या आत काय चालतं ते त्यांना तोंडपाठ आहे. "इंजिनाला तीन गोष्टी लागतात," त्यांनी तीन बोटं वर केली, "योग्य मिश्रण, योग्य वेळी ठिणगी आणि कंप्रेशन. तिन्ही असतील तर इंजिन चालू झालंच पाहिजे."

"नथी थतुं," शेठ म्हणाले.

"मग ढकलून बघा."

आणि इथं बडोद्याचा बैलांचा वारसा कामाला आला. पोळीतल्या तरण्या पोरांनी गाडी देवडीतून काढली. दुकानदारांनी घागरे वर घेतले, एकानं हातगाडी बोळात घातली, आणि वाड्यातून निघालेली ती लाल वस्तू घडियाळी पोळीच्या तोंडापर्यंत आली. चारी दरवाजांच्या मधली मांडवी समोर होती. काकूंनी दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी एका हिसक्यात सुरू झाली. असा गोड आवाज की चहावाल्यानं किटली खाली ठेवली. टाळ्या पडल्या. शेठनी "चालू थई गई!" म्हणून जाहीर केलं, ते अशा सुरात, की ती त्यांच्याच सल्ल्यानं झाली.

अण्णांना गहिवरून आलं. "बंद कर, बंद कर, पुन्हा सुरू करून बघू," ते म्हणाले. काकूंनी बंद केली. मग सेल्फ मारला. घर्र... टक.

गर्दीनं "अरेरे" केलं, पण प्राध्यापकांचा चेहरा उजळला. "छान!" एवढ्या माणसांत गाडी बंद पडल्याचा आनंद झालेले ते एकटेच. पण त्यांचं बरोबर होतं. धक्क्यानं गाडी सुरू होते, याचा अर्थ पेट्रोल आहे, ठिणगी आहे, कंप्रेशन आहे. आबा सुटले, कंडेन्सर सुटला, इथेनॉल सुटलं. दोष उरला तो इंजिन फिरवण्याच्या कामात. "बॅटरी!" शेठ ओरडले. प्राध्यापकांनी हेडलाइट लावायला सांगितले. लख्ख पेटले. सेल्फ मारतानाही फारसे मंदावले नाहीत. बॅटरी मेलेली असती तर दिवे लाजले असते. "सेल्फ!" वाइंडिंगवाले काका ओरडले. त्यांना कुणी काही उत्तर देईपर्यंत मिस्त्री येऊन उभे होते.

पाणीगेटकडून कुणीतरी त्यांना स्कूटरवर आणलं होतं. साठीचे, हातात एकच जुना मीटर. त्यांनी गाडीला हात लावला नाही. पेट्रोल आहे का, हेही विचारलं नाही. त्या दिवशी कुणीच न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला, "छेल्लुं काम शूं कराव्युं?" शेवटचं काम काय केलं?

"काम कसलं, फक्त रंग दिला," अण्णा म्हणाले. "अख्ख्या गाडीला. सांगाड्यालासुद्धा."

मिस्त्रींनी मान हलवली. तेवढ्यात आतून काकूंनी इतक्या वरच्या पट्टीत सांगितलं, की मांडवीतली कबुतरं उडाली, "अहो, केव्हाची सांगतेय, हा चोकचा दांडा भाजतोय!"

सगळे हसले. चोक ओढायची ती बारीक तार, ती कशानं भाजेल? तिचा विजेशी संबंध काय? पण मिस्त्री हसले नाहीत. ते वाकले, दांड्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "बेन साचुं कहे छे," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा उत्साह आला.

त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या अर्थच्या खुंटीला लावली आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. "मारो सेल्फ." काटा खरं तर जागेवरून जेमतेम हलायला हवा, अर्ध्या व्होल्टच्या आत. तो पाचाच्या वर गेला. बारा व्होल्टच्या बॅटरीतले जवळजवळ निम्मे व्होल्ट भलत्याच वाटेवर खर्च होत होते.

गोष्ट साधी आहे. बॅटरीची एक वायर सेल्फला जाते, दुसरी गाडीच्या अंगाला. पण इंजिन अंगाला लोखंडानं जोडलेलं नसतं. ते रबरी गाद्यांवर बसलेलं असतं. म्हणून अंग आणि इंजिन यांच्यामध्ये तांब्याची एक जाड विणलेली पट्टी बांधतात. सेल्फ फिरताना दीड-दोनशे अँपिअर करंट ओढतो, तो सगळा या पट्टीवरून परत यायचा. ही पट्टी आमच्याकडे होती, नवी होती, घट्ट आवळलेलीही होती. फक्त तिच्या बोल्टखाली कोरा, चकचकीत लाल रंग होता. रंगातून वीज जात नाही. मग बिचारा करंट परतीची दुसरी वाट शोधू लागला आणि त्याला इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत गेलेली चोकची तार सापडली. हातगाडीच्या बोळातून मिरवणूक गेली की बोळ तापणारच. ठिणगीला करंट लागतो चिमूटभर, तेवढा त्या तारेतून निभत होता; म्हणून ढकलली की गाडी सुरू व्हायची. सेल्फ मारताना मात्र व्होल्टच उरत नव्हते, म्हणून प्लगची ठिणगीही पिवळी. दिव्यांचं अर्थिंग अंगावर, म्हणून ते लख्ख. प्रत्येकाला पुरावा मिळाला होता आणि प्रत्येकाचा निकाल चुकला होता.

मिस्त्रींनी बोल्ट काढला आणि कानशीने त्याच्याखालचा रंग खरवडायला घेतला. अण्णांनी तोंड फिरवलं. वर्षभराची हौस, पॅलेसच्या हिरवळीवर मांडायची ती चकाकी, आणि तिच्यावर कानशी! खर्र-खर्र आवाज आला, लाल भुकटी उडाली आणि खाली रुपयाएवढं पांढरं लोखंड दिसलं. पट्टी पुन्हा आवळली. "चालू करो, बेन."

गाडी अर्ध्या फेरीत सुरू झाली. मिस्त्रींनी घेतले मोजून दोनशे रुपये. शेठना ते फार वाटले, कारण कुठलीच वस्तू बदलली नव्हती.

यानंतर जे झालं ते बघून मला माणसाच्या स्वभावाबद्दल फार बरं वाटलं. कुणीही हरलं नव्हतं. "बॅटरीनीज वायर हती ने? तो बॅटरीज कहेवाय," शेठ म्हणाले. वाइंडिंगवाले काका म्हणाले, "सेल्फला करंट मिळत नव्हता, म्हणजे दुखणं सेल्फचंच." आबांनी पेट्रोलनं गंज येतो आणि गंजानं अर्थिंग जातं, असा पूल बांधला. भाचा म्हणाला, "ओबीडी असती तर 'लो व्होल्टेज' कोड आलाच असता." प्राध्यापकांनी आपण 'सर्किट' हा शब्द सर्वांत आधी उच्चारल्याची आठवण करून दिली. आजींनी नुसतं लिंबाकडे बोट दाखवलं. चोकच्या दांड्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

इंजिन संथ चालू होतं. लोक पांगायला लागले होते. तेवढ्यात शेठनी मान तिरकी केली, कान बॉनेटला लावला आणि हात वर केला. "अण्णाभाई, आ टप-टप शेनुं आवे छे?"

सगळे परत फिरले. आबा ओट्यावरून उतरले. काकांनी खिशातली उरलेली लग्नपत्रिका काढली. "वहिनी, जरा रेस द्या बघू!"

काकूंनी गाडी बंद केली, किल्ली काढून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि म्हणाल्या, "आधी मला बाहेर काढा."